विसाव्या वहीतला थ

४ जून

सुईमावशी,

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, तेव्हा आपलं नातं आता पोस्टमनच्या हाती. चालेल.

मालकीणबाईंना सांग, आईच्या वह्या माझ्याकडे सुखरूप आहेत. तेवीसच्या तेवीस. आईला जाऊन अकरा महिने झाले तरी मी त्या पेटीतून काढल्या नव्हत्या, लोकरीचा वास उडून जाईल म्हणून. कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं विणमशिन आलंय, त्याला आईचे नमुने घालायचेत आणि तिची लिपी कुणालाच लागत नाही, असं तू लिहिलंस, तेव्हा काढल्या. पहिल्याच पानावर 'सु४ उ२ वे६ उ२ सु४'. मंत्र म्हटल्यासारखं वाटतं.

मी पोटासाठी काय करते हे तू दहादा विचारलंस आणि दहाही वेळा मी 'कॉम्प्युटर' म्हणून सुटले. आता ऐक. भाषेला व्याकरण असतं तसं विणीलाही असतं. ते व्याकरण नीट लिहून दिलं की वाचणारा प्रोग्राम आपोआप बनवून देणारं एक साधन आमच्याकडे आहे. त्या प्रोग्रामचे दोन भाग. एक दारावर बसतो. येणारी अक्षरं बघतो, ओळखतो, आणि आत कळवतो की हा टाका आला, हा आकडा आला, हा कंस आला. या प्रकारांना टोकन म्हणतात. आतला भाग अक्षरांकडे बघतही नाही. दारावरून जे कळेल त्यावरून तो ओळ उभी करतो.

म्हणून मला आईची प्रत्येक खूण कोणत्या प्रकारची ते हवंय. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तू तीस वर्षं बसलीस. दुसरं कुणाला विचारू?

तुझी,
गुंडी

१५ जून

गुंडे,

तुझं व्याकरण मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं की मला कळणार नाही. पण दारावरचा माणूस समजला. आपल्या दवाखान्यात तो केसपेपरवाला बसतो ना, तोंडाकडे न बघता 'डोळे' नाहीतर 'हाडं' म्हणून आत ओरडतो, तसाच.

घे. सु म्हणजे सुलट, उ म्हणजे उलट. जा म्हणजे जाळी, भोक पाडायचं. घ म्हणजे घट, दोन टाक्यांचा एक. वा म्हणजे वाढ. वे म्हणजे वेणी. उच म्हणजे उचललेला टाका, न विणता नुसता या सुईवरून त्या सुईवर घ्यायचा. कंसातलं पुन्हा पुन्हा करायचं, पुढे किती वेळा ते लिहिलेलं असतं.

तुझी आई कमी अक्षरांत लिहायची. मी म्हणायचे, अगं शाई काय सोन्याची आहे का? ती म्हणायची, लिहिण्यात वेळ घालवला तर विणू कधी? बोलायलाही तशीच. मी दिवसभर टकळी चालवायची आणि तिनं संध्याकाळी एवढंच म्हणायचं, 'हं'.

तिच्या खुर्चीवर आता एक नवी बाई बसते. कामाला बरी आहे. सारखी गुणगुणते.

तब्येतीला जप. डबा नेतेस की बाहेरचं गिळतेस?

तुझी
सुईमावशी

२ जुलै

सुईमावशी,

माझ्या हातून झालेली फजिती तुझ्या कानावर आली असेलच. स्वेटरचा छातीभर रुंद पुढचा भाग निघायच्या जागी मालकीणबाईंच्या मशिनमधून दोन बोटं रुंदीची पट्टी निघाली. त्यांनी फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, 'हा कुणाच्या मापाचा?'

चूक माझीच. दारावरच्या भागाला मी आकडा ओळखायला शिकवलं, पण ओळखल्यावर आत कळवायचं असतं ती एक ओळ लिहायची राहिली. तो बिचारा प्रत्येक आकडा बरोबर ओळखत होता आणि गप्प बसत होता. आतल्याला वाटलं, आकडे नाहीतच. मग चार सुलटांचा एक, सहाच्या वेणीचा एक. आमच्याकडे नवशिके हीच चूक करतात आणि मी तर आठ वर्षं हे काम करते. हसू नकोस.

आता सगळं जुळलंय. एकोणीस वह्या सरळ वाचून झाल्या, एकही अडथळा नाही. मावशी, तुला सांगते, मी आजवर माणसांनी लिहिलेलं इतकं वाचलं, पण इतकं निर्दोष काही पाहिलं नाही. प्रत्येक ओळीचे टाके मोजायला लावले, शहाण्णव म्हटले की शहाण्णवच. कुठे एक कमी नाही की जास्त नाही.

विसाव्या वहीत मात्र एक नवीन खूण येते. नुसता 'थ'. आकडा नाही, काही नाही. 'सु४ उ२ थ वे६'. पुढे एकविसाव्यात जास्त, तेविसाव्यात तर ओळीओळीला. हा कोणत्या प्रकारचा टाका?

गुंडी

१३ जुलै

गुंडी,

पत्र मिळालं. थ म्हणजे दोरा बदलला. लोकरीचा एक गुंडा संपून दुसरा लावला की ती तशी खूण करायची. थर म्हणायची त्याला.

डोळे चुरचुरतात, म्हणून थोडक्यात.

सुईमावशी

९ ऑगस्ट

सुईमावशी,

डोळे दाखवलेस का? मागचं पत्र वाचून वाटलं की तुझ्या नावानं दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय. त्यात तू मला एकदाही रागावली नाहीस.

तू सांगितलंस तसं केलं. थ दिसला की 'दोरा' असं आत कळवायचं, म्हणजे मशिन तिथे लोकर तोडून नवी जोडेल. तेविसाव्या वहीतला गळ्याचा नमुना पाठवला. मशिननं एका गळ्यात एकेचाळीस वेळा लोकर तोडली. नुसत्या गाठीच गाठी. मालकीणबाईंनी तो पाकिटात घालून पाठवून दिलाय, माझ्यासमोर टेबलावर पडलाय.

मावशी, पाच टाक्यांत लोकरीचा गुंडा संपत नाही. आणि एकोणीस वह्यांत आईनं दोरा बदलला नाही का कधी?

विसाव्या वहीवर डिसेंबरची तारीख आहे. मला या नोकरीचं पत्र आलं तो महिना. तिथूनच हा थ सुरू होतो.

तुला ठाऊक आहे तो काय आहे ते. मला सांग.

गुंडी

३० ऑगस्ट

गुंडे,

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मला वाटलं होतं दोरा म्हणून सांगितलं की भागेल. तू तुझ्या आईची लेक आहेस हे विसरले.

थ म्हणजे थांबले.

तिच्या पोटात कळ यायची. पहिल्यांदा आली तेव्हा सुया मांडीवर ठेवल्या, डोळे मिटले, ओठ दाबून धरले. मी म्हटलं, काय गं? म्हणाली, काही नाही, थांबले जरा. कळ गेली तर कुठवर विणलं होतं ते आठवेना. सगळी ओळ उसवावी लागली. दुसऱ्या दिवसापासून तिनं कळ आली की वहीत थ लिहायला सुरुवात केली, म्हणजे परत सुई धरली की तिथून पुढे. दुसरं कारण नव्हतं त्यामागे. तिला काम वाया गेलेलं खपायचं नाही.

आठ दिवसांनी मी म्हटलं, चल दवाखान्यात. तर म्हणाली, गुंडीचं नोकरीचं पत्र आलंय, फेब्रुवारीत जायचंय तिला. आता मी दवाखान्याची पायरी चढले तर ती बॅग परत कपाटावर टाकेल. तू तिला ओळखतेस. मी म्हटलं, मग मी सांगते तिला. तेव्हा माझा हात धरला आणि म्हणाली, 'माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. ती एकदा गाडीत बसली की दुसऱ्या दिवशी जाते.'

तू गाडीत बसलीस. दुसऱ्या दिवशी मी तिला घ्यायला गेले तर ती कारखान्यात पोचलेली. म्हणाली, आज बरं वाटतंय. मग म्हणाली, एवढा हिवाळ्याचा माल होऊ दे. मग म्हणाली, तू नवीन जागी रुळू दे. तिच्याकडे कारणं टाक्यांसारखी होती, एक सुटलं की दुसरं. मी भांडले, गुंडे. दोनदा अबोला धरला. माझा अबोला चार दिवसांच्या वर टिकत नाही, तिचा जन्मभर टिकला असता. शेवटी पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत ती खुर्चीवरून उठेचना, तेव्हा मी आणि मालकीणबाईंनी तिला उचलून नेलं. पुढचं तुला माहीत आहे.

मी शपथ पाळली. ती पाळायची नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं.

सुईमावशी

६ सप्टेंबर

सुईमावशी यांस,

तुमचं पत्र मिळालं.

चौदा महिने. डॉक्टर मला बाहेर बोलावून काय म्हणाले होते ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. म्हणाले, वर्षभर आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. मी तेव्हा आत जाऊन आईवर रागावले. तिच्या तशा अवस्थेत. म्हटलं, स्वतःच्या शरीराचं तुला कळत कसं नाही? तिनं ऐकून घेतलं. तुम्ही त्याच खोलीत स्टुलावर बसून मोसंबं सोलत होतात.

तुम्ही चौदा महिने रोज बघितलंत. तुम्हाला कळलं होतं. एक पोस्टकार्ड लागलं असतं. शपथेनं माणूस मरतं असं मानणाऱ्यांतल्या तुम्ही नाही. की हिवाळ्याचा माल तुम्हालाही हवा होता?

ओळखायचं आणि गप्प बसायचं. माझ्या प्रोग्रामची चूक मला एका दिवसात दिसली होती.

वह्यांचं काम थांबवलं आहे. मालकीणबाईंना मी कळवते. उत्तर पाठवू नका.

२० ऑक्टोबर

गुंडी,

उत्तर पाठवू नकोस म्हणालीस. हे उत्तर नाही. तीन पत्रं लिहिली आणि फाडली, हे चौथं. यातही काही खास नाही.

हिवाळ्याच्या मालाचं तू लिहिलंस ते खोटं आहे. बाकी एकही शब्द खोटा नाही. म्हणून मला बोलायला जागा नाही.

तू मला 'तुम्ही' म्हणालीस. तू तीन वर्षांची होतीस तेव्हा माझ्या शिलाईच्या डब्यातली गुंडी गिळलीस आणि दोन दिवस आम्ही दोघी तुझ्या भांड्यावर पाळत ठेवून बसलो, तेव्हापासून तू मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतंस. पत्र घेऊन मी दारातच बसले. शेजारणीनं विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही.

इथे थंडी सुरू झाली.

सुईमावशी

१ डिसेंबर

सुईमावशी,

राग गेलेला नाही. आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून तुला तो गेला असं वाटायला नको.

पण एक गोष्ट झाली. ती दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

वह्या बंद करून ठेवल्या होत्या. मग एका रविवारी वाटलं, काम अर्धवट टाकलेलं आईला आवडायचं नाही. परत बसले. काही खुणा अशा असतात की दारावरच्या भागानं त्या ओळखायच्या, पण आत काहीच कळवायचं नाही. दोन शब्दांमधली रिकामी जागा असते ना, तशा. गिळून टाकायच्या. थ चं तेवढंच करायचं होतं. मशिनला कुठे कळ येते थांबायला? एका ओळीचं काम. ती लिहायला मला सहा आठवडे लागले.

ती लिहिली आणि सगळ्या वह्या पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावल्या. बाविसाव्या वहीत चुका निघाल्या. तेवीस वह्यांतल्या पहिल्याच. एका ओळीत शहाण्णवच्या जागी पंच्याण्णव टाके. पुढच्या पानावर अठ्ठ्याण्णव. एका ठिकाणी वेणीचा निम्माच भाग. एकूण नऊ ओळी, सलग चार पानांत. आणि त्या चार पानांत एकही थ नाही. त्यांच्या मागे आहेत, पुढे आहेत, मध्ये नाहीत. मला आधी बरं वाटलं, की चला, काही दिवस तरी तिला दुखलं नाही.

मग वरची तारीख पाहिली. ऑक्टोबर. मी आठ दिवस घरी आले होते ना, ते दिवस.

मावशी, मी तिच्या शेजारी बसलेली असायचे. पाय वर घेऊन, चहाचा कप घेऊन, इकडचं तिकडचं सांगत. ती विणायची, मध्ये लिहायची. मी वहीत डोकावून विचारायचे, हे काय, ते काय. माझ्यासमोर ती थ लिहिणार कशी? मी विचारलं असतं. म्हणून तिनं खूण केली नाही, आणि कळ गेल्यावर कुठवर विणलं होतं ते तिला आठवलं नाही. नऊ वेळा. त्याच्यापेक्षा जास्त वेळा आली असेल, नऊदा चुकलं.

आणि मी ते पाहिलं होतं. तिनं सुया मांडीवर ठेवलेल्या, डोळे मिटलेले, ओठ दाबलेले. तू लिहिलंस तसंच. मी विचारलंही, काय झालं आई? ती म्हणाली, मोजतेय, बोलू नकोस. मी गप्प बसले. मला वाटलं, टाके मोजतेय. मी चक्क कौतुकानं बघत बसले होते तिच्याकडे.

तुला शपथ तरी घातली होती. मला कुणी काही घातलं नव्हतं. मी समोर बसून चुकीचं ओळखलं.

डॉक्टरांचं ऐकून आत येऊन मी तिला जे बोलले ते मात्र कुठल्याच बाजूनं उसवता येत नाही. ती काही म्हणाली का गं नंतर? मी गेल्यावर?

आणि त्या नऊ ओळींचं काय करू? मला हात लावावासा वाटत नाही. त्या तशाच ठेवल्या तर? तिनं माझ्या शेजारी बसून लिहिलेल्या तेवढ्याच आहेत.

गुंडी

१४ डिसेंबर

गुंडे,

'मावशी' आणि 'गं' वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मग परत लावून पुढचं वाचलं. राग गेला नाही म्हणतेस, तर राहू दे. माझा माझ्यावरचा कुठे गेलाय.

तू विचारलंस ते आधी सांगते. तू रागावून बाहेर गेलीस, जिन्यावर तुझ्या चपला वाजल्या. तिनं मला फोड मागितली, तोंडात धरली, चावली नाही. म्हणाली, 'बघ, कशी डॉक्टरसारखी ओरडते.' मी म्हटलं, सांगू का तिला आता? म्हणाली, नको, रागावू दे, रडत बसण्यापेक्षा रागावलेली बरी दिसते. मग झोपली. याच्यापुढे मागे काही नाही, मी भर घालत नाही. तिला लागलं असेल का? लागलं असेल. ती तुझी आई होती, दगड नव्हती. पण तिनं ते तुझ्यासाठी आपल्या अंगावर घेतलं होतं आणि ते तिला ठाऊक होतं.

आता ओळी. दुरुस्त कर. तुला हात लावावासा वाटत नाही हे मला कळतं, पण कर. पंच्याण्णव टाक्यांनी गळा वाकडा येतो, घालणारीला खांद्याला ओढ बसते. चुकीची ओळ पुढे गेलेली तिला कळली असती तर ती तशी सरणावरून उठून आली असती. बाविसाव्या वहीतल्या वेणीचा उरलेला भाग उजवीकडून डावीकडे जातो, मी सोबत चित्र काढून पाठवते. मूळ वही तुझ्याकडेच आहे. तिच्यात कोण हात घालतंय?

सुईमावशी

२२ जानेवारी

गुंडे,

तुझी फाइल आली, मालकीणबाईंनी मशिनमध्ये घातली. मी जोडकामाच्या टेबलावरून उठून शेजारी जाऊन उभी राहिले. त्या गुणगुणणाऱ्या बाईनं बटण दाबलं. बाविसाव्या वहीचा पुढचा भाग, वेण्यांचा. मशिन कुठेही थांबलं नाही. चाळीस मिनिटांत काम झालं. तुझ्या आईला त्याला अकरा दिवस लागले होते, मला माहीत आहे, मी शेजारी होते.

बाह्या, पाठ, गळा सगळं मी स्वतः जोडलं. दुसऱ्या कुणाला दिलं नाही. टाके मोजले, शहाण्णव भरले. राखाडी रंग निघालाय, छान. मालकीणबाई म्हणाल्या, पहिला आहे, गुंडीला पाठवूया का? मी म्हटलं, पाठवूया, पण दुसरा. पहिला दुकानात लावा. तुझ्या आईला आपलं काम विकलेलं बघायला आवडायचं. घरात ठेवलेलं नाही.

परवा तो स्वेटर विकला गेला. तुझ्याच वयाची एक बाई आली, ऑफिसला जाताजाता. बाहेर गारठा होता आणि तिच्या अंगावर पातळसं काहीतरी. आरशासमोर घालून पाहिला, खांदे हलवून पाहिले, म्हणाली, 'असू दे अंगावरच.' मी गळ्याशी हात लावून नीट करून दिला. तिला वाटलं असेल, म्हातारी फार लघळ आहे.

दारातून बाहेर पडल्यावर तिनं बाह्या ओढून मनगटांवर घेतल्या आणि भरभर चालायला लागली. मी उंबऱ्यात उभी राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होते.

मावशी